सुस्थितीत हलवलेली चूक

यंत्र बदलता येतं, माणूस बदलता येतो, पण चालत आलेली पद्धत बदलायला अजून कुणाला सवड झालेली नाही. म्हणून बदली खात्यानं नवे संगणक घेतले, ते खबरदारी म्हणून जुन्याच कामासाठी घेतले.

अडचण एवढीच होती की नव्या संगणकाचा प्रोसेसर वेगळ्या घडणीचा होता. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम प्रोसेसरच्या भाषेत उतरवणारा जो दुभाषा, म्हणजे कंपायलर, त्याला आता नवी भाषा शिकवायची होती. हे काम खात्यातल्या एकमेव प्रोग्रॅमर बाईंकडे आलं. (कामाला सहा माणसं मंजूर होती. उरलेले पाच पर्यवेक्षक होते.)

तीन महिने खपून बाईंनी कंपायलर चालता केला आणि चाचणी म्हणून बदल्यांची यादी दोन्ही यंत्रांवर काढली. नव्या यादीत एक नाव जास्त आलं. ते त्यांच्या नवऱ्याचं होतं.

खणून पाहिल्यावर कळलं, की जुना कंपायलर कुठल्याही यादीची शेवटची फेरी, म्हणजे शेवटची नोंद, गाळत असे. अर्ज लावले जात ते घर आणि नोकरी यांच्यातल्या अंतरानं. सगळ्यात लांबचा सगळ्यात खाली. म्हणजे ज्याची गरज मोठी, नेमका त्याचाच अर्ज वाचला जात नसे. नवरा यादीच्या त्या तळाच्या जागी नऊ वर्षं पाय रोवून होता. मुलीच्या लेखी बाबा फोनमध्ये राहत.

बाई साहेबांकडे गेल्या.

"नवीन यंत्र चुकतंय," साहेब म्हणाले.

"नाही साहेब, जुनं चुकत होतं."

"जुन्याविरुद्ध एक तरी तक्रार दाखवा."

ती नव्हती. (तक्रारींची यादीही त्याच यंत्रावर निघे. तक्रार आजवर एकच आली होती, त्यामुळे तीच शेवटची होती.)

"आणि जादा नाव कुणाचं, तर तुमच्या यजमानांचं! लोक काय म्हणतील, बाई?"

लोक काय म्हणतील हे ठरवायला समिती नेमण्यात आली. समितीनं एकमतानं निर्णय दिला: नव्या यंत्राचं उत्तर जुन्याशी तंतोतंत जुळलं पाहिजे, जी चूक इतकी वर्षं बिनचूक होत आली, तिला चूक म्हणणं हा सेवाज्येष्ठतेचा अपमान आहे.

बाई पुन्हा कामाला लागल्या. बरोबर चालायला नव्या प्रोसेसरला तीन महिने लागले होते. चुकायला चार लागले. चाचणी उत्तीर्ण झाली, पेढे... म्हणजे परिपत्रक वाटण्यात आलं. त्या संध्याकाळी बाईंनी फोन लावला.

"अहो, यंदा अर्जावर घरचा पत्ता माझ्या माहेरचा टाका. तुमच्यापासून वीस किलोमीटर जवळ पडतं."

"म्हणजे मी घरजावई?"

"कागदावर. भांडी घासायला नाही लावत कुणी. तेवढ्यानं यादीत तुमच्या खाली एक माणूस येतो."

"कोण?"

"नाव नाही पाहिलं मी."



"टाकतो," नवरा म्हणाला.

पुढच्याच यादीत त्याची बदली झाली. बॅग घेऊन तो दारात उभा राहिला, तेव्हा मुलीनं विचारलं, "कोण पाहिजे?"

नवी यंत्रणा आता सर्व प्रकारच्या अर्जांसाठी खुली करण्यात आली आहे. तुमचाही अर्ज 'विचाराधीन' असेल, तर निश्चिंत राहा. पूर्वी तुम्हाला वगळायला आठवडा लागे; आता ते काम डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं.