पिच्चरमधल्या पाहुण्याला पाणी

धारूरच्या टॉकीजच्या दारात मी आजही तिकिटं फाडतो आहे, ते अंबादासनानांमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात नाना थोडे वेडे वाटतील आणि तुम्ही हसाल. हसा. मीही हसतो.

नाना सिनेमाची पारख एकाच गोष्टीवरून करतात. पडद्यावर कुणाच्या घरी पाहुणा आला, तर त्याला पाणी विचारलं का? नट कोण, गाणी कशी, खर्च किती, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. मध्यंतरात चहाच्या टपरीसमोर पोरं त्यांच्याभोवती गोळा होतात.

"कसा हाय पिच्चर, नाना?"

"लई बेकार. हिरोचा सासरा एवढ्या लांबून आला, उभ्या उभ्या भांडून गेला. एवढं संगमरवरी घर, पर तांब्याभर पाणी न्हाई."

"अन् मागच्या आठवड्यातला?"

"त्यो बरा होता. त्यातला गुंड बी चहा पाजून मगच गोळी घालीत होता. वळण लागतंय माणसाला."

हे मध्यंतरापुरतं असतं तर गोष्ट वेगळी. पण नाना चालू सिनेमात बोलतात. "आरं, बस म्हणा की त्याला." पडद्यावर कुणी वडीलधारं आलं की पुढच्या रांगेतल्या पोरांना खुर्चीवरचे पाय खाली घ्यायला लावतात. "सासू समोर आलीय, कळतंय का?" लग्न लागलं की खिशातून ज्वारीच्या रंगीत अक्षता काढून फेकतात. त्या दुसऱ्या दिवशी मी झाडतो. आणि कुणी मेलं, तर शेजारच्याच्या पॉपकॉर्नच्या पुड्यावर हात ठेवतात. "मयताच्या दारात खात असतेत का बे?" शेजारचाही गुपचूप पुडा मिटतो. अख्खी रांग सुतकात बसते.

आता माझं. मी मालवणकडचा. नववीत शाळा सुटली आणि जत्राजत्रांतून फिरणाऱ्या तंबूच्या सिनेमाबरोबर घरी न सांगता घाट चढून आलो. धारूरला ताप येऊन पडलो, तंबू पुढे गेला, मी मागे राहिलो तो राहिलोच. टॉकीजच्या जिन्याखालची खोली हे माझं घर. स्वभाव भित्रा. मालकांनी नुसतं "ए कोकण्या" म्हटलं, तरी आपली पिशवी कुठे ठेवलीय ते मला आधी आठवतं.

यंदा दिवाळीनंतर एका मोठ्या नटाचा सिनेमा लागला. मालकांनी मला बोलावलं.

"रविवारी दुपारच्या शोला आमचे व्याही येणार हायेत केजहून. सगळं घर घेऊन. त्या म्हाताऱ्यानं मधी तोंड उघडलं, तर तुझं बिऱ्हाड बाहेर."

नानांना दारातूनच परत पाठवायची हिंमत मालकांतही नव्हती. नाना त्यांच्या वडिलांचे तालमीतले जोडीदार. म्हणून ते काम माझ्याकडे.

रविवारी नाना नेहमीसारखे चपला दारात काढून, "रामराम मंडळी" म्हणत आत जायला निघाले, तशी मी त्यांना बाजूला घेतलं. "नाना, आज बोलू नका. बोललात तर माझी नोकरी जाईल."

"कावून? माझ्यामुळं?"

"हो."

नानांनी खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. मग म्हणाले, "जा, न्हाई बोलत."

पहिला अर्धा तास मी पडद्याकडे कमी, नानांकडेच जास्त पाहत होतो. हिरोच्या घरी मामा आला. कुणी बस म्हणेना. नानांनी टॉवेलचं टोक तोंडात धरलं. मग वकील आला, पोलीस आला, हिरोइनीचा बाप आला. सगळे ताटकळत. नानांनी टोपी डोळ्यांवर ओढली. शेवटी एक म्हातारी उन्हातून चालत आली आणि कुणी दारच उघडलं नाही, तेव्हा नानांची खुर्ची कुरकुरायला लागली. पण आवाज खुर्चीचा. नानांचा नाही.

शेवट जवळ आला. ज्या चुलत्यानं बापाला मारलं, त्याच्या दारात हिरो कुऱ्हाड घेऊन पोचला. दारावर थाप मारली आणि लाईट गेली.

जनरेटर चालू होईना. आधी शिट्ट्या झाल्या, मग पाय आपटणं, मग "पैसे परत द्या". कुणीतरी खुर्ची उपटायला लागलं. मालक अंधारातच माझ्या नावानं ओरडत होते. मी दाराला पाठ लावून उभा. तेवढ्यात कानाशी आवाज आला.

"लेका, पिच्चर तर बंद हाय. आता बोललो तर चालतंय का?"

मी म्हणालो, "बोला नाना. कायबी बोला."

नाना पडद्यासमोर जाऊन उभे राहिले. कुणीतरी त्यांच्या तोंडावर मोबाइलची बत्ती धरली.

"तर मंडळी, हिरो दारात हाय. चुलती आतून म्हणती, कोण हाय? हिरो म्हणतो, मी खून करायला आलोय. चुलती म्हणती, कर की बाबा, कोण नगं म्हणतंय. पर आधी पाय धू. तव्यावर भाकर हाय, ती करपंल."

हॉल शांत झाला.

"आता हिरो सकाळधरनं उपाशी. तुमीच सांगा, एवढ्या हाणामारीत त्यानं खाल्लं कवा? बसला जेवायला. तेवढ्यात चुलता आला. त्यो बी त्याच ताटात बसला. ठेचा झाला होता लई तिखट. हिरोच्या डोळ्याला पाणी आलं. चुलत्याला वाटलं, पोरगं बापासाठी रडतंय. मग त्यो बी रडाया लागला."

"अन् कुऱ्हाड?" मागून कुणीतरी विचारलं.

"कुऱ्हाडीनं सरपण फोडलं. भाकरी कशावर झाल्या मग?"

हशा पिकला. नाना थांबेनात. चुलत्यानं हिरोसाठी स्थळ आणलं, देण्याघेण्यावरून रुसवे झाले, मानपान निघाला. ऐन मानपानात लाईट आली आणि पडद्यावर खऱ्या हिरोनं कुऱ्हाड उगारली. तेव्हा मालकांचे व्याही बाल्कनीतून म्हणाले, "आरं, बंद करा ते. नानाचं लगीन लागू द्या आधी."

माझी नोकरी राहिली. उलट मालक म्हणाले, लाईट गेली की नानांना बोलवत जा.

हे सांगायला सोमवारी सकाळी मी नानांच्या गावी गेलो. त्यांच्या गल्लीत सगळ्या दारांना कुलपं. लोक ऊसतोडीला गेलेले, नानांचा मुलगा, सून, नातवंडंसुद्धा. नाना एकटे, शेजाऱ्यांच्या किल्ल्यांचा जुडगा करगोट्याला बांधून, बंद घरांची अंगणं झाडत होते. मला पाहून झाडू तिथेच टाकून आले. बाजेवर बसवलं, चहा केला, निरोप ऐकून हसले. मग समोरच्या कुलपांकडे बोट केलं.

"पोरं आता उन्हाळ्यातच येत्याल," ते म्हणाले. "टाकीजात अंधार झाला तरी शेजारी माणूस असतंय. हितं दिसाढवळ्या न्हाई."

मी निघालो तर वेशीपर्यंत आले, आणि एसटी वळेपर्यंत उभे होते.

आमच्या घरी मालवणला एका माजघरात आई, दोन काकू, भाऊ, भावजया, पोरं सगळी निजतात. सगळी एकदम बोलतात आणि कुणी कुणाचं ऐकत नाही. मलाच तिकडे जाऊन बरीच वर्षं झाली, तोंड दाखवायचा धीर होत नाही. तरी एका हंगामात, गल्लीला कुलपं लागली की, मी नानांना तिथे नेणार आहे, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध त्यांचं अंथरूण घालणार आहे. नानांना हे अजून बोललो नाही. पण नेणार.