बरोबर नऊ तास

मुलांनो, एका जंगलात विमानतळ होता. विमान नव्हते. पण विमानतळ असला की जंगल पुढारलेले दिसते, म्हणून सिंहमहाराजांनी तो बांधून घेतला. दुसरा विमानतळ दूर, डोंगरापलीकडच्या जंगलात होता. मध्ये पक्षी उडत.

दोन्हींमधले अंतर आणि लागणारा वेळ ठरवायचे काम कासवरावांकडे आले. त्यांनी जन्मात जमीन सोडली नव्हती, पण खात्यात सर्वांत जुने तेच. त्यांनी एका बगळ्याला विचारले, "किती वेळ लागतो हो?"

"नऊ तास," बगळा म्हणाला. त्यात वाटेतल्या तळ्यावर मासे खायचे तीन तास होते. ते कासवरावांनी विचारले नाहीत. बगळ्यानेही सांगितले नाहीत.

फलक लागला : नऊ तास.

पुढे म्हातारी हत्तीणआजी तापाने फणफणली. औषधाची मुळी डोंगरापलीकडेच मिळे. ती आणायला बदकीण गेली. परतताना सकाळी सहाला निघाली आणि वाटेत पाणीसुद्धा न पिता बाराला विमानतळावर येऊन पोहोचली.

खाली मोर उभा होता. कोणी कधी उतरायचे हे तो ठरवी.

"तीन तास लवकर आलात, बाई. वरच फिरा."

"अहो, आजी तडफडतेय! ही मुळी तरी घ्या!"

"सामान प्रवाशाबरोबरच उतरते."

"मी उतरतेच कशी, बघा!"

"उतरा. पंख जप्त होतील."

बदकीण घिरट्या घालू लागली. वरून तिला आजी दिसत होती. भोवती नातवंडे सोंडेने वारा घालत होती.

"मोरदादा, पाया पडते!"

"रडू नका. तुम्ही तीनला येणार हे आजींना कळवले आहे. थांबते म्हणाल्या."

दोन वाजता आजी गेली. तीनला बदकीण उतरली. कासवरावांनी शिक्का मारला : 'वेळेवर'.

नातवंडांनी आरडाओरडा केला. कोल्ह्याची चौकशी समिती बसली. महिन्याने अहवाल आला : 'उड्डाण वेळेवर पोहोचले. हत्तीण मात्र ठरल्या वेळेच्या एक तास आधी मेली. कळवूनही तिने घाई केली. दोष तिचाच.'

वक्तशीरपणाबद्दल बदकिणीचा सत्कार झाला. हार मोराने घातला.

"काही सांगायचंय?" सिंहमहाराजांनी विचारले.

"वाटेतल्या त्या तळ्यातले मासे कसे असतात, महाराज?" बदकिणीने विचारले.

आता तीही वाटेत तीन तास थांबते. चांगली गुबगुबीत झाली आहे. कधी लवकर येत नाही.

तात्पर्य : मुलांनो, वेळेआधी पोहोचणे हा उद्धटपणा आहे. आणि मरायचेच असेल, तर आधी फलक पाहून यावा.