व्हर्जिनियाचा इतिहास, वांगणी पूर्व

आपण ज्या राज्यात राहतो त्याचा इतिहास आपल्याला तोंडपाठ असला पाहिजे, याबद्दल शहाण्या माणसांत दुमत नाही. चंदू व्हर्जिनियात राहत होता. (वांगणी पूर्व, स्टेशनपासून आठ मिनिटे. ही मिनिटे बिल्डरची.) ‘व्हर्जिनिया व्हॅली’ या चार विंगांच्या संकुलाचा तो सेक्रेटरी होता, आणि संकुलाच्या पाचव्या वाढदिवशी व्हर्जिनियाचा इतिहास लिहून वाचण्याचे काम समितीने एकमताने त्याच्या गळ्यात घातले होते. (सभेला हजर तीन, त्यांतले एक, पाणी का येत नाही हे विचारायला आलेले.)

निवड अगदी योग्य होती. संकुल ज्या भातखाचरांवर उभे आहे, ती चंदूच्याच घराण्याची. त्या बदल्यात त्याला बी विंगमध्ये फ्लॅट मिळाला. आई कमळाबाई मात्र कंपाउंडच्या भिंतीपलीकडे जुन्या घरातच राहिली, कारण लिफ्टमध्ये तिला गरगरते.

तीन आठवडे चंदूने मोबाइलवर डोळे फोडले. सोळाशे सात साली इंग्रज अमेरिकेतल्या व्हर्जिनियात उतरले. जागा मोकळी होती, म्हणजे लोक राहत होते, पण त्यांच्याकडे कागद नव्हते. इंग्रजांनी नदीला आपल्या राजाचे नाव दिले. मग त्यांची उपासमार झाली, तेव्हा मूळ लोकांचा मका पोटात गेला. बारा वर्षांनी सभा स्थापन झाली. मका देणाऱ्यांना सभासदत्व नव्हते. पुढे अठराशे त्रेसष्टमध्ये पश्चिमेकडचा भाग फुटून वेगळा झाला.

चंदू थक्क झाला. संकुलाच्या पहिल्या उन्हाळ्यात टँकर आला नव्हता, तेव्हा गावाने आपली विहीर उघडून दिली होती. (विहीर सध्या क्लबहाउसखाली आहे.) सी आणि डी विंग पार्किंगवरून वेगळ्या होण्याच्या बेतात होत्या. एवढे साम्य पाहून अमेरिकेच्या दूरदृष्टीचे त्याला कौतुक वाटले. मूळ लोकांचे पुढे काय झाले, हे त्याने एका ओळीत उरकले: ‘ते कालांतराने बाजूला झाले.’

आता थोडे राखणीविषयी. डी विंगच्या मागे एक शेंदूर लावलेला दगड आहे. तो शेताचा राखणदार. दर वर्षी पेरणीच्या आधी कमळाबाई त्याला राखण देते: एक नारळ, एक कोंबडा. शेत गेल्यावरही तिने नेम मोडला नाही. “शेत गेलं, पन राखनदार कुठं गेलाय? तो हाय तिथंच हाय,” असे ती म्हणते.

यंदा मात्र गेटवर अ‍ॅप आले होते. ठराव क्रमांक चौदा, सूचक चंदू. पाहुण्याने कुठल्या फ्लॅटमध्ये जायचे ते सांगायचे आणि फ्लॅटवाल्याने मंजुरी द्यायची. राखणदाराला फ्लॅट नाही. अशा बेघरांकडे येणाऱ्यांची विचारणा सेक्रेटरीच्या मोबाइलवर जावी, अशी उदार तरतूद चंदूनेच करून ठेवली होती.

वाढदिवस रविवारी सकाळी, क्लबहाउसमध्ये. नकाशे दिसावेत म्हणून चंदूने मोबाइल मोठ्या पडद्याला जोडला होता. ‘मूळ लोकांनी भुकेल्या वसाहतवाल्यांना मका दिला’ या वाक्याशी तो पोचला, आणि नकाशावर अक्षरे उमटली:

पाहुणे: कमळाबाई. सोबत: १ (कोंबडा). कोणाकडे: राखणदार, डी विंगमागे.

खाली तीन बटणे होती: आत सोडा, परत पाठवा, गेटवर ठेवा.

दोनशे माणसे पडद्याकडे पाहू लागली. “कोंबडा? इधर काटते हैं क्या?” ए विंगच्या सोनियाने विचारले. हशा पिकला. ‘ती माझी आई आहे’ हे चार शब्द चंदूच्या भाषणात कुठेच नव्हते. आत सोडावे तर दोनशे लोकांत शोभा. परत पाठवावे तर आई. तिसरे बटण पार्सलसाठी असते. त्याने ते दाबले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

गेटवर वॉचमन अल्पेश होता, चंदूचा चुलत भाऊ. तो खाली मान घालून म्हणाला, “काकी, गेटवर ठेवा असं आलंय.”

“काय ठेवू?”

“तुलाच.”

कमळाबाईने तिथेच, गेटच्या आडव्या दांड्याजवळ नारळ फोडला आणि डी विंगच्या दिशेने हात जोडले. “माजा पोरगा आत हाय रं, बाबा. शेताचं ऱ्हाऊ दे, त्याला राख,” म्हणाली. तिने कोंबड्याचे पाय सोडले. तो दांड्याखालून, कुणाचीही मंजुरी न घेता, आत चालता झाला. (त्याच्याविरुद्ध आजवर अकरा तक्रारी आहेत.)

चंदूने इतिहासात शेवटची ओळ जोडली: ‘मूळ रहिवासी समाधानाने परतले.’ समितीने ती एकमताने मंजूर केली.

हे वाचून ज्यांना चंदूची चीड आली असेल, त्यांनी आपल्या इमारतीचे नाव आठवावे. मग ती उभी राहण्याआधी तिथे कोण काय पिकवत होते, ते आठवावे. आठवत नसेल तर काळजी नको. तो इतिहास कुणीतरी नीट लिहून ठेवलेला आहे, आणि टाळ्या वाजवायला आपण होतोच.