पाठराखिणीला जागा नाही

आमच्या वडिलांचं नाव कित्येक वर्षं एका मोटारीखाली तेलात पडलेलं आहे.

खोटं नाही सांगत. अक्काच्या लग्नात वडिलांनी तिला पितळेची मोठी परात दिली होती, काठावर नाव कोरून: 'चि. सौ. कां. शालन हिस, वडील रामभाऊ यांजकडून.' ती परात राहुरीजवळच्या एका वस्तीवर, पत्र्याच्या शेडमध्ये, दाजींच्या विलायती मोटारीच्या पोटाखाली ठेवलेली असते आणि मोटार तिच्यात थेंब थेंब काळं तेल सोडत असते. पाहुणे आले की दाजी त्यांना शेडमध्ये नेतात, वाकायला लावतात आणि परात दाखवतात. "गळतंय म्हंजे आत तेल हाय," ते अभिमानाने सांगतात. "ज्याची गळत न्हाई, त्यानं काळजी करावी." पाहुणे वाकून तेल बघतात आणि मग सावकाश काठावरचं नाव वाचतात. अशा वेळी मी तिथे असले तर कुठे तोंड लपवू असं मला होतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बबनराव. साखर कारखान्यात स्टोअरला होते. आता रिटायर होऊन ऊस आणि मोटार सांभाळतात, उसाकडे जरा कमीच लक्ष असतं. त्यांच्या वडिलांचा नगरच्या छावणीत दुधाचा रतीब होता. तिथल्या एका निवृत्त साहेबाने गाव सोडताना बंद पडलेली ही मोटार, "तुझा मुलगा रोज येऊन बघत बसतो, त्यालाच दे," म्हणून देऊन टाकली. खुली, बुटकी, हिरवी, दोनच माणसांची. त्या साहेबाचे आमच्या घराण्यावर फार उपकार आहेत, असं दाजी म्हणतात. अक्काही त्या साहेबाची आठवण काढते, पण तिचे शब्द इथे लिहिता येणार नाहीत.

ही मोटार इतकी बुटकी आहे की वस्तीवरचा कुत्रा दाजींच्या डोळ्याला डोळा भिडवून भुंकतो. हॉर्न वाजवला की दिवे जातात. "एका टायमाला एकच काम करती," दाजी म्हणतात, "माणसानंबी तसंच ऱ्हावं." पाऊस आला की खाली उतरून कापडी टप चढवायचा, आणि तो चढेपर्यंत पाऊस निघून गेलेला असतो. एकदा मी विचारलं, "दाजी, विलायतेत रोज पाऊस असतो म्हणतात, मग त्या लोकांनी असं छप्पर का केलं?" दाजी बराच वेळ विचार करून म्हणाले, "सुमन, त्या लोकांना भिजायची हौस असंल. तिच्या कलानं घ्यावं."

'तिच्या कलानं घ्यावं' हे दाजींचं पालुपद. गियर अडकला, तिच्या कलानं घ्यावं. दार उघडेना, तिच्या कलानं घ्यावं. इतकं कलाकलाने त्यांनी माणसांचं घेतलं असतं तर तालुक्यातून निवडून आले असते. मूळचे भाग कधीच संपले. आता बेअरिंग ट्रॅक्टरचं आहे, एक दिवा स्कूटरचा, सीटची कव्हरं आमच्या जुन्या सोफ्याच्या कापडाची, आणि हिरवा रंग विलायतेतून नाही, पंपाच्या पाइपांना मारायच्या डब्यातून आलेला.

एकदा त्यांनी मला या मोटारीतून एका मंगल कार्यालयात नेलं. पोचल्यावर मला उतरताच येईना. वराकडच्या दोन बायकांनी माझे हात धरून विहिरीतून काढावं तसं मला वर ओढलं. मी शाळेत मुख्याध्यापिका होते हो. माझ्या हाताखाली शिकलेली मुलं तिथे अक्षता वाटत होती.

दुसऱ्या वेळी शिंगणापूरला नेलं. शनीच्या गावात मोटार उभी केली, तर लोक दर्शन सोडून भोवती जमले आणि खालचं तेल बघायला लागले. मी पदर डोक्यावर ओढून दुसरीकडे बघत होते. दाजींनी मात्र छाती पुढे काढून जाहीर केलं, "समदी तेल इकत घेत्यात. आमची घरनंच घेऊन येती."

पण अक्का या मोटारीत बसत नाही. लग्नाच्या दिवशी बसली ती शेवटची. कुठे जायचं झालं की अक्का एस.टी.ने जाते आणि दाजी मोटारीने. नवराबायको एकाच लग्नाला दोन वाहनांनी येतात हे आता साऱ्या नात्यात माहीत आहे. त्यातही दाजी एस.टी.च्या पुढे जात नाहीत. राहुरीपासून नगरपर्यंत बसचा धूर खात मागे मागे येतात आणि काळं तोंड घेऊन मांडवात शिरतात. "ओव्हरटेक झेपत न्हाई तिला," म्हणतात. अक्काही, पुढे जागा असली तरी, बसच्या अगदी मागच्या सीटवर जाऊन बसते. पाठीला गचके बसतात, पण ऐकत नाही.

लग्नाच्या दिवसाचं सांगायलाच हवं, कारण त्या दिवशी मीही मोटारीत होते. म्हणजे मोटारीवर होते. आमचं माहेर नेवाशाकडचं. नवरदेव झेंडूच्या माळा लावलेली विलायती मोटार घेऊन आले तेव्हा सगळा गाव बघायला लोटला होता. पाठवणीच्या वेळी लक्षात आलं की नवरीबरोबर पाठराखीण जाते. दाजींनी मोटार धुतली, रंगवली, सजवली, पण पाठराखीण हा विषय त्यांच्या डोक्यातच आला नव्हता. पाठराखीण मी. वय शाळेचं, अंगावर पहिली साडी. शेवटी मला सीटांच्या मागे, घडी घातलेल्या टपावर बसवलं आणि मांडीवर पाण्याची कळशी दिली. वऱ्हाडाचा ट्रक दुसऱ्या वाटेने पुढे गेला.

घोडेगावला जनावरांचा बाजार भरला होता आणि मोटार बरोबर बाजाराच्या तोंडाशी बंद पडली. दाजींनी बॉनेट उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं. मग ते स्टिअरिंगला बसले आणि अक्का उतरून ढकलायला लागली. शालू नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली नवरी, पाठीमागून मोटार ढकलते आहे. बाजार गुरं सोडून हिच्याकडे बघत होता. कोणी शिट्टी मारली, कोणी "जोर लाव, नवरीबाई" म्हणून ओरडलं. मी कळशीत तोंड खुपसलं. शेवटी नुकतीच बैलजोडी घेतलेला एक शेतकरी आमच्याच वाटेचा निघाला. त्याने बैल पुढे बांधले आणि विलायती मोटार बैलांनी ओढत सासरच्या दारात नेली. अक्काने माप ओलांडलं तेव्हा तिच्या शालूचा काठ तेलाने काळा होता. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाल्या, "बैलंच जुपायची हुती तर आपली गाडी काय वाईट हुती?" त्या दिवसापासून त्या पंचक्रोशीत अक्काला बैलांची नवरी म्हणायला लागले. बाजाराला गेली तरी कोणीतरी म्हणायचंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारवलेल्या अंगणात तेलाचं डबकं दिसलं. अक्काने ते पाहिलं. आत गेली, माहेरची कोरी परात आणली आणि मोटारीखाली सरकवली. म्हणाली, "नांदवा हिला." एवढंच.

यंदा हिवाळ्यात नगरला जुन्या मोटारींचा मेळावा भरला. पुण्यात असलेल्या दाजींच्या मुलाने त्यांचं नाव देऊन टाकलं. अक्का आणि मी एस.टी.ने गेलो, मागच्या सीटवर. मागच्या काचेतून दाजींची मोटार दिसत होती. परात त्यांनी शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवली होती. मैदानात नेऊन मोटारीखाली सरकवली आणि माझी मान खाली गेली. भोवती कितीतरी विलायती मोटारी उभ्या होत्या, आरशासारख्या पुसलेल्या, आणि त्यांचे मालक टोप्या घालून एकमेकांना सांगत होते, ही सगळी मूळची, हा स्क्रूसुद्धा मूळचा. आमच्या मोटारीचा सोफा बघून एक गृहस्थ नुसते गप्प राहिले. त्यापेक्षा हसले असते तर बरं झालं असतं.

मग एकेका मालकाला माइकवर बोलावून 'तुमची मोटारीबरोबरची आवडती आठवण' विचारायला लागले. कोणी मोटारीने घाट उतरले होते, कोणी मोटारीतून बायकोला मागणी घातली होती. टाळ्या पडत होत्या. दाजींची पाळी आली. मी अक्काला म्हटलं, "चल, चहा घेऊन येऊ." मला ऐकायचंच नव्हतं. अक्का हलली नाही.

दाजींनी माइक दोन्ही हातांनी धरला. "आवडती न्हाई सांगता येत," ते म्हणाले. "एकच हाय, तीबी लाजेची."



"लग्नाच्या दिवशी घोडेगावात बंद पडली ही. बायकोनं शालू नेसून ढकलली. त्याची लाज न्हाई मला, गाडी हाय, बंद पडंल. पर समदा बाजार हिला हसला आन् मीबी हसलो. स्टिअरिंगवर बसून, मागं बघून हसलो. माझी इज्जत ऱ्हावी म्हणून हसलो. मी बाजाराच्या बाजूचा झालो, हिच्या बाजूचा न्हाई. हिनं ते बघितलं. इकायला लई जनांनी सांगितलं. न्हाई इकली. एकदा बायकोला हिच्यात बसवून नीट घरापतूर न्यायची हाय, म्हणून ठिवलीय. पर इचारायला तोंड न्हाई."

टाळी वाजवावी की नाही हे कोणाला कळेना. माझे कान तापले होते. इतकी वर्षं मला त्या मोटारीची लाज वाटत होती, दाजींना कशाची वाटत होती ते मी कधी विचारलंच नव्हतं. अक्काकडे बघायचं धाडस होईना. ती पिशवीचे बंद गुंडाळत बसली होती.

कार्यक्रम संपला. एकेक मोटार फाटकातून बाहेर पडली. आमची अर्थातच सुरू झाली नाही. दाजींनी बॉनेट उघडलं, मिटलं, उघडलं. टोपीवाले गृहस्थ मदतीला आले. "कोणीतरी स्टिअरिंगला बसा, आपण ढकलून फाटकाबाहेर लिंबाखाली लावू," ते म्हणाले.

दाजी माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात अक्का मंडपातून उठून आली. साडी सावरली, दार ओढलं. ते उघडेना. तिने दाराला एक सणसणीत लाथ घातली, दार उघडलं, आणि ती स्टिअरिंगसमोर बसली. पिशवी मांडीवर, पदर डोक्यावर.

"मी न्हाई ढकलायची," ती म्हणाली. "तुमी ढकला."

दाजी मागे गेले. वाकले. मोटार हलली.

"सरळ धर गं शालन," दाजी मागून ओरडले.

"इतकी वर्षं सरळच धरलंय," अक्का म्हणाली.

मैदानातले लोक हसायला लागले. माणसं थांबून, मोबाईल काढून हसत होती. दाजींच्या कपाळावरून घाम गळत होता आणि ते कोणाकडेही न बघता, फक्त अक्काच्या पाठीकडे बघत ढकलत होते. ते हसत नव्हते. हसत होती ती अक्का, पदराचं टोक तोंडात धरून, खांदे हलेपर्यंत.

मी जमिनीवर मागे राहिलेली परात उचलली, तेल मातीत ओतलं, आणि परात काखेत मारून मोटारीच्या मागून चालायला लागले. पाठराखिणीला जागा याही वेळी नव्हती.