गार्डमामांनी ब्लॉक घेतलाय

आमच्या गल्लीत मिक्सर कधी लावायचा, हे अधूनमधून गार्डमामा ठरवतात. लाल झेंडी घेऊन दारात उभे राहतात, शिट्टी फुंकतात आणि ओरडतात, "मिक्सर बंद! पाण्याची मोटर बंद! ब्लॉक घेतलाय!"

याचा अर्थ, मामांच्या कॉम्प्युटरवर अपडेट चालू आहे. कुणाच्या मोटरीनं व्होल्टेज पडलं तर अपडेट मधेच अडकेल, ही त्यांची धास्ती. एकदा माझी शेंगदाण्याची चटणी अर्धी भरड, अर्धे अख्खे दाणे अशीच ताटात आली. नवऱ्यानं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "सिग्नल मिळाला नाही."

मामांचं नाव एकनाथ, गाव खुटबाव. सगळी नोकरी मालगाडीचा गार्ड म्हणून केली आणि रिटायर झाल्यावर दौंडातच, आमच्या शेजारी घर बांधलं. नोकरी सुटली, पण त्यांच्यातला गार्ड काही सुटला नाही. भाजीत मीठ जास्त पडलं की "आज ओव्हरलोड हाय." लग्नात पंगत बसायला उशीर झाला की "गाडी औटरला हुबी हाय." मामीही काही कमी नाहीत. मामांनी आंघोळीला वेळ लावला की दारावर थाप मारून विचारतात, "काय हो, मागची एक्सप्रेस खोळंबलीय, सोडू का पुढं?"

कॉम्प्युटर मामांना पुण्याच्या भाच्यानं सुटे भाग जोडून दिलेला. तो चालू करायचा म्हणजे एक विधीच. एकेका वस्तूकडं बोट करून मामा मोठ्यानं म्हणणार, "कीबोर्ड राईट. माऊस राईट. वायर राईट." मगच बटण दाबणार. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळं या गाडीचा डॉक्टर म्हणून मला कधीही बोलावणं येतं.

मध्यंतरी त्या कॉम्प्युटरला खोड लागली. चालता चालता पडदा एकदम काळा व्हायचा. कॉम्प्युटरच्या दुकानदारानं सांगितलं, बायोस अपडेट करा. मामांनी मला विचारलं, "बायोस म्हंजी काय ओ, म्याडम?"

म्हटलं, "मशीन चालू झालं की सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्राम. तो बाकीच्यांना उठवतो."

"म्हंजी स्टेशनमास्तर!" मामांना एकदम पटलं. "त्योच झोपला तर गाड्या कशा सुटायच्या?"

म्हणून मामांनी ब्लॉक घेतला. अपडेट फसलं. पुन्हा घेतला, पुन्हा फसलं. दोन्ही वेळा मशीन आपोआप जुन्यावर परत आलं. तिसऱ्यांदा मात्र आलंच नाही. पंखा फिरतोय, दिवा लागतोय आणि पडदा ठार काळा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामी स्वतः बोलवायला आल्या. "चला बाई. ह्यांनी सकाळी फिरून आल्यापासनं चहासुदिक घेतला न्हाई. नुसतं त्या डब्याम्होरं बसल्यात."

गेले. मामा खरंच तसे बसले होते. मी विचारलं, "मामा, अपडेट चालू असताना लाईट गेली होती का?"

मामा छताकडं बघायला लागले.

"लाईट कशाला जातीय?" मामी म्हणाल्या. "ह्यांनीच बटण मारलं."

"तिन्ही वेळेला?"

"तिन्ही वेळेला."

माझा विश्वास बसेना. हा माणूस सिग्नल हिरवा झाल्याशिवाय शिंकायचासुद्धा नाही. मी समजावलं, "अहो, पडदा काळा दिसला तरी आत काम चालू असतं. मशीन आपलं आपण बंद होतं, चालू होतं. त्याला हात लावायचा नसतो. थांबायचं."

"किती थांबायचं? चार वाजत आलं व्हतं."

"चारला काय असतं?"

"हाय एक काम," म्हणून मामांनी विषय तोडला.

मी माझ्या लॅपटॉपवरून बायोसची फाईल पेनड्राईव्हवर घेतली. मशीनच्या पाठीमागं अशा अडचणीसाठीच एक खाच होती, तिच्यात तो लावला आणि शेजारचं बारीक बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकायला लागला. मामा झेंडी घेऊन दारात गेले, गल्ली थंड झाली. थोड्या वेळानं लुकलुक थांबली. मशीन चालू केलं.

पडदा काळाच.

पंखा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. घड्याळाचा काटा चारच्या जवळ आलेला. मामांचा हात नकळत बटणाकडं निघाला. मामींनी मनगट धरलं.

"रातच्या रात जंगलात गाडी थांबायची तवा गप बसत व्हता. आता का दम निघंना?"

"तवा माझी वाट कोण बघत नव्हतं," मामा म्हणाले.

मामींनी मनगट सोडलं नाही. तेवढ्यात पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटलं.

मला वाटलं, मामा शिट्टी वाजवतील. ते तर लगबगीनं आत गेले. तोंडावर पाणी मारून, केस विंचरून, शर्टाचं वरचं बटण लावून आले आणि व्हिडिओ कॉल लावला. पलीकडं एक म्हातारे गृहस्थ दिसले. तोंड एका बाजूला ओढलेलं, एक हात मांडीवर निपचित. मागून त्यांची सून म्हणाली, "मामा, कालपास्नं पडद्याकडंच बघत बसल्यात ओ."

"जालिंदर, ह्या म्याडम. ह्यांनी लाईन मोकळी केली," मामांनी माझी ओळख करून दिली. मग मला म्हणाले, "ह्यो आमचा ड्रायव्हर. आता पोराकडं आसतो, सणसवाडीला. माझ्या गुडघ्यांमुळं एस्टी चढवत न्हाई."

मी हळूच म्हटलं, "मामा, फोनवरही दिसतं की."

"फोनात ह्याचं तोंड चिंचोक्याएवढं दिसतं. आवं, एका गाडीवर जन्म काढला आमी, पर ह्यो इंजनात आन् मी शेवटच्या डब्यात. मधी सगळी मालगाडी. वॉकीटॉकीवर नुसता आवाज आयकायचा. पॅरालिसिसनं त्यो आवाजबी नेला. मग आता तोंड तरी धड बघू द्या की."

जालिंदरमामांचा अर्धा चेहरा हसला.

मी चहा पिऊन निघाले. सणसवाडीच्या त्या खोलीतून नुसते कंपन्यांचे ट्रक दिसतात, असं मामी सांगत होत्या. म्हणून मामा रोज सकाळी स्टेशनजवळच्या फाटकापाशी जाऊन उभे राहतात, गाड्या बघायला. बाहेर पायात चपला सरकवताना मला त्यांचा आवाज येत होता.

"आज कोळशाची गाडी आली. डबल इंजन. मनमाडकडं गेली. ड्रायव्हर नवा दिसतोय, ब्रेक लई दणक्यात मारला. तू आसता तर काय म्हणला आसता?"

मग मामा थांबले. एखाद्याला नीट उत्तर द्यायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ थांबले.

"व्हय," ते म्हणाले, "मीबी त्येच म्हणलो."