सीपीयूचं झबलं

'तापमान वाढले आहे,' असा चौकोन कॉम्प्युटरच्या पडद्यावर यायचा आणि धनश्री फुलीवर टिचकी मारून तो घालवायची. मे महिना, सुरत, त्यात भेस्तानचं पत्र्याचं घर! इथे कुणाचं तापमान वाढत नाही?

आणि कॉम्प्युटरची काळजी तिच्याइतकी अख्ख्या गल्लीत कुणी घेत नव्हतं! गायत्री झाल्यावर साड्यांची डिझाइनं काढायचं हे पहिलंच काम तिला मिळालं होतं. शेजारच्या पॉवरलूमची उडती रुई आत जाऊ नये, रांगत्या गायत्रीने बटण दाबू नये, म्हणून तिने साडीच्या तुकड्याचं झबलं शिवून सीपीयूला घातलं होतं. आतून अस्तर, खाली झालर, वर नाडीची गच्च गाठ! फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, मग यानेच काय पाप केलं होतं?

संध्याकाळी डिझाइन द्यायचं, आणि भर दुपारी कॉम्प्युटर फटकन बंद! चालू केला, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तो टिकला, तेव्हा तिने तापमान दाखवणारं ॲप टाकलं. त्र्याण्णव!

"आई, पंखा नेऊ का हो?"

"ने माय!" स्वयंपाकघरातून सासूबाई, प्रमिलाबाई, म्हणाल्या. गायत्रीला झोळीत टाकून त्या भाकरी करत होत्या. घरात फिरणारा पंखा तो एकच.

ब्याण्णव. मग ओला टॉवेल आला. मग पंख्यापुढे बर्फाचं पातेलं आलं. तान्ह्याच्या उशाशी बसावं तशी धनश्री आकड्याशी बसून राहिली.

"आई, तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मी बरी शे. तू तुन्हं काम कर."

धनश्रीने मान वळवली नाही. तेवढ्यात आकडा चढला तर?

पांडेसऱ्याच्या मिलमधून तिचा नवरा गोपाल आला आणि दारातच थबकला.

"धना, हे काय चाललंय?"

"अहो, खूप तापलाय!"

"तापेल नाहीतर काय! मे महिन्यात त्याला स्वेटर घातलंस!"

त्याने नाडी तोडली, झबलं उपसलं. आतून मिलच्या बॉयलरसारखी वाफ अंगावर आली. आकडा धडाधड उतरला. साठ... पंचावन्न!

"आई, उतरला हो, उतरला!"

सांगत सांगतच ती स्वयंपाकघरात धावली.

प्रमिलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंग तव्यासारखं, डोळे अर्धे मिटलेले. एक हात तेवढा पदराने झोळीला वारा घालत होता.

दवाखान्यात सलाईन अर्धं संपल्यावर त्यांनी डोळे उघडले. धनश्रीला रडू आवरेना.

"सांगायचं नाही का हो, आई?"

"तेना आकडा तुले दिसस. मन्हा कोठे दिसस व माय?"

डिझाइनचं काम दुसऱ्या कुणाला गेलं. त्याचं धनश्रीला फारसं काही नाही. पण तुम्ही हे पंख्याखाली बसून वाचत असाल, तर तिची एक विनंती आहे. आतून कुणी 'मी बरी आहे' म्हणत असेल, तर नुसत्या आवाजावर विसंबू नका. उठा, आत जा, आणि कपाळाला हात लावून बघा.