सुविचार वाचनालयाची दृश्यमानता

जी संस्था दिसत नाही ती नसते, हे आता शासनाला, समाजाला आणि मोबाइलला सारखेच मान्य झाले आहे. (देव या नियमाला अपवाद होता; पण आता गावोगावच्या देवांचीही खाती निघाली असून रोजचे दर्शन आंघोळीआधीच मोबाइलवर येऊन पडते.) अशा काळात टेंभुर्णीचे सुविचार सार्वजनिक वाचनालय हमरस्त्यावर, दोन खिडक्या आणि एका दारासह वर्षानुवर्षे उघडे राहूनही कुणाला दिसले नाही, यात दोष अर्थातच वाचनालयाचा होता.

ग्रंथपाल याकूब शेख यांना हा दोष ठाऊक नव्हता. ते सकाळी येत, झाडून घेत आणि वर्तमानपत्राची पाने सुटी करून टेबलावर मांडत. एक वर्तमानपत्र आठ म्हाताऱ्यांना पुरवायचे तर पाने सुटी करावीच लागतात. ज्याच्या वाट्याला अग्रलेख येई, त्याने निधनवार्तावाल्याकडे आशेने बघत बसावे, अशी तिथली जुनी रीत होती. पुस्तकांच्या बाबतीत याकूबभाई आणखी कडक. नवे पुस्तक आले की आधी त्याला खाकी कव्हर चढे, कण्यावर नंबर पडे आणि मगच ते कपाटात जाई. त्यामुळे प्रेमकथा, पाककृती, राज्यघटना आणि शेळीपालन ही सगळी एकाच गणवेशात, शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी दिसत.

पुस्तके घरी नेणारे वाचक फार नव्हते, पण होते. त्यांत नंदाबाई मुख्य. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक तीन भागांची कादंबरी हाती घेतली होती आणि दोन भाग संपवले होते. दुसऱ्या भागाच्या शेवटी नायिका घर सोडून निघते. ती कुठे जाते, याची काळजी नंदाबाईंना स्वतःच्या सुनेपेक्षा जास्त होती.

वार्षिक सभेत अध्यक्ष रामराव यांनी विषय काढला. रामराव गावातले जुने जमीनदार; वाचनालयाची जागा त्यांच्या वडिलांनी दिलेली, म्हणून अध्यक्षपदही घरातच राहिलेले.

"वाचायला कोणी येऊन नाही राह्यलं, याकूबभाई. चार म्हातारे येतेत, ते बी पंख्याखाली बसायला. मंग उघडं ठेवून फायदा काय?"

"आण्णा, लोक येतील ना."

"मृगापर्यंत गर्दी दाखवा. न्हाई त कुलूप."

याकूबभाईंनी 'मृगापर्यंत' असे वहीत लिहून घेतले. पगार नावालाच होता, त्याचे दुःख नव्हते. पण सकाळी ते दार उघडताना आपणही या गावात कुणीतरी आहोत असे त्यांना वाटे, आणि ते वाटणे दुसरीकडे कुठे मिळते हे त्यांना माहीत नव्हते.

मदत रामरावांच्याच घरातून आली. त्यांची सून शीतल जालना शहरात एका बियाणे कंपनीच्या कार्यालयात जाहिरातीचे काम बघते. ती सणाला आली, वाचनालयात डोकावली आणि म्हणाली, "चाचा, वाचनालय छान आहे. पण ते खाकी आहे."

तिने लगोलग खाते उघडून दिले आणि या क्षेत्रातली तत्त्वे समजावली. पुस्तक वाचले जाण्याआधी दिसले पाहिजे. माणूस दृश्यावर तीन सेकंद थांबतो, सबब त्यापेक्षा जास्त वेळ घेणारा मजकूर टाळावा. उघडे पुस्तक चित्रात बरे दिसत नाही, ते मिटलेलेच असावे. याकूबभाईंनी ही तत्त्वे वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतली आणि खाली सही केली. (सही कुणी मागितली नव्हती. सवय.)

पहिल्या रीलमध्ये याकूबभाई कपाट पुसताना दिसतात. ती एकतीसदा पाहिली गेली. त्यांपैकी सोळा वेळा त्यांच्या जावयाने, अकरा वेळा स्वतः त्यांनी, आणि उरलेल्या वेळा पंजाबातल्या एका व्यायामशाळेने, जिचा हेतू अद्याप कळलेला नाही. कारण उघड होते. खाकी.

रंगीत कागदाला निधी नव्हता. तेव्हा शीतलने कंपनीची उरलेली जुनी कॅलेंडरे आणि भित्तिपत्रके गठ्ठ्याने पाठवली. गुळगुळीत, जाड आणि फुकट. या जिल्ह्यातले एकही पोर असे नसेल, ज्याच्या गणिताच्या पुस्तकाला बियाणे कंपनीच्या कॅलेंडरचे कव्हर चढलेले नाही. तेव्हा यात वावगे काही नव्हते. याकूबभाईंनी सगळे वाचनालय नव्याने सजवले. तत्त्वज्ञानावर कपाशीची टपोरी बोंडे आली, कवितेवर लाल मिरच्या, राज्यघटनेवर भेंडी. कण्यावरचे नंबर चित्राला मारक ठरतात असे शीतलचे मत पडल्याने ते गाळण्यात आले.

आता पुस्तक सापडेना, ही किरकोळ अडचण होती. सापडले तरी देता येईना, ही त्याहून किरकोळ. कारण मधले एक पुस्तक काढले की कपाट दात पडलेल्या माणसासारखे दिसे.

नंदाबाई तिसरा भाग मागायला आल्या.

"तो कपाशीत हाय का मिरचीत, पाहावं लागंल," याकूबभाई म्हणाले. "अन् काढला त सगळं कपाट बिघडतं, बाई."

"मंग मी काय करू?"

"तुम्ही सध्या पेजला फॉलो करा."

नंदाबाईंनी कपाटाकडे एकदा पाहिले. पिशवीची घडी केली आणि गेल्या. याकूबभाईंना ते लागले. पण मृग तोंडावर होता आणि एका बाईच्या वाचनापायी वाचन चळवळ थांबवता येत नाही. म्हाताऱ्यांचीही सोय बाहेरच्या ओट्यावर लावण्यात आली. चित्रीकरणापुरते याकूबभाई त्यांना आत बोलावून हातात पुस्तके देत आणि बजावत, "वाचायचं न्हाई हां, नुसतं धरायचं."

मग ती रील आली. बासरीच्या सुरावर याकूबभाई कपाटांपुढून हळूहळू चालतात, मागे बोंडेच बोंडे चकाकतात. मृगाच्या तोंडावर कपाशीच्या एका नामांकित वाणाची पाकिटे बाजारातून गायब झाली होती (दरवर्षी होतात, कुठे जातात हा संशोधनाचा विषय आहे). नेमके त्याच वाणाचे बोंड तत्त्वज्ञानावर होते. कुणीतरी ती रील शेतकऱ्यांच्या गटावर टाकली आणि खाली लिहिले, 'टेंभुर्णीत माल आला.'

दुसऱ्या दिवशी याकूबभाई दार उघडायला आले, तर रांग पार बस थांब्याच्या पलीकडे गेलेली. जाफराबादहून, भोकरदनहून माणसे जिपा भरभरून आली होती. प्रत्येकाच्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स. याकूबभाईंचे डोळे भरून आले. वाचनाची इतकी भूक आपल्या लोकांना आहे, हे आपल्याला कळलेच नाही, असे त्यांना वाटले. त्यांनी पहिल्या माणसाला एक पुस्तक दिले.

त्याने ते उलटसुलट केले, हलवून पाहिले. "अन् पाकीट?"

"कशाचं पाकीट?"

"सरकीचं."

"न्हाई हो दादा, इथं बियाणं न्हाई. बिलकुल न्हाई."

दुकानदार 'बियाणे नाही' म्हणाला की बियाणे आहे, हे जिल्ह्यात रांगते मूलही जाणते. रांगेत उत्साह पसरला. आणखी एक गोष्ट सगळ्यांना अनुभवाने ठाऊक होती: चालत्या वाणाच्या पाकिटाबरोबर दुकानदार नको असलेली खताची नाहीतर औषधाची पुडी गळ्यात मारतोच. तेव्हा मागे मागे निरोप गेला, "एक पुस्तक घ्यावं लागतं. मंग पाकीट भेटतं." कुणाचीही तक्रार नव्हती. उलट, पुस्तक फवारावे लागत नसल्याने अनेकांना ते परवडण्यासारखे वाटले.

याकूबभाई घसा फोडून सांगत होते, पण तेवढ्यात रांगेच्या टोकाशी रामराव उभे दिसले. मृगाला दोनच दिवस उरले होते. याकूबभाई गप्प झाले आणि पुस्तके देत सुटले. तत्त्वज्ञान सर्वांत आधी संपले. दुपारपर्यंत कवितेचे कपाट रिकामे झाले. वाचनालयाच्या इतिहासात एका दिवसात इतकी पुस्तके कधी बाहेर गेली नव्हती, आणि आजतागायत त्यांतले एकही परत आलेले नाही. कारण पाकीट हाती पडल्याशिवाय पुस्तक सोडायचे नाही, असे लोकांनी ठरवले आहे.

रामराव शब्दाचे पक्के निघाले. "गर्दी दाखवा म्हणलो, तुम्ही दाखवली. कुलूप लागणार न्हाई." कुलूप लागले नाही. गर्दी कशासाठी होती हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले असल्याने, लोकेच्छेला मान देऊन त्यांनी धाकट्या मुलाच्या, सोमेश्वरच्या नावावर परवाना काढला आणि तिथे कृषी सेवा केंद्र सुरू केले. ते सकाळी आठला उघडते. वाचनालय कधीच इतक्या वेळेवर उघडत नव्हते. गल्ल्यामागे एक कपाट वाचनालयासाठी राखले असून त्यात थर्माकोलचे ठोकळे कॅलेंडरात गुंडाळून ठेवले आहेत. याकूबभाई तिथेच असतात. सकाळी पाकिटे मोजतात, दुपारी ठोकळ्यांपुढून हळूहळू चालतात.

नंदाबाई एकदा आल्या होत्या. बियाणे घ्यायला नव्हे. "ती कुठं गेली, तेवढं तरी सांगा," त्या म्हणाल्या. याकूबभाईंनी तिसरा भाग वाचलेला नव्हता, आणि तो भोकरदनकडच्या कुणाच्या घरात पाकिटाची वाट पाहत पडला आहे हेही त्यांना माहीत नव्हते. त्या दिवशी त्यांना जेवण गेले नाही.

पेज मात्र जोरात आहे. ठोकळ्यांची ताजी रील लाखावर लोकांनी पाहिली. तुम्हीही पाहिलीत. कशाची तरी वाट बघत बसला होतात, बासरी वाजली, तुम्ही लाल बदाम दाबलात आणि खाली लिहिलेत, 'किती सुंदर! अशी वाचनालये जगली पाहिजेत.' परवाच्या सभेत याकूबभाईंनी, बऱ्याच दिवसांनी धीर करून, निदान शंभर पुस्तके पुन्हा घेऊ या, असा विषय मांडला. रामरावांनी उत्तरादाखल मोबाइल काढून तुमचे ते वाक्य वाचून दाखवले. वाचक पूर्ण समाधानी असल्याने पुस्तकांची आवश्यकता नाही, असा ठराव एकमताने मंजूर झाला. त्यावर सूचक म्हणून तुमचे नाव घातले आहे.